नरड्याची शीर

“ह्यो सोता गातोय का?”

प्रश्न आमच्या हॉस्टेलच्या वॉचमन काकांचा. हॉस्टेलच्या गणपतीत पाचव्या दिवशी मेसमध्ये पांढरी चादर ताणून प्रोजेक्टरवर ‘कट्यार काळजात घुसली’ लावला होता. बाहेर भुकूमचा पाऊस. म्हणजे कोथरूडमध्ये ज्याला पाऊस म्हणतात तो नव्हे; चांदणी चौक ओलांडून पौड रोडच्या या अंगाला आलं की डोंगरावरून जो आडवा येतो, तो. काका छत्री झटकत दारातच उभे राहिले. पंधरा-वीस मिनिटं पिक्चर पाहिला आणि मग माझ्या खांद्यावर बोट टोचून हा प्रश्न.

मी म्हटलं, “नाही काका, गाणारा वेगळाय. हे अ‍ॅक्टिंग करतायत.”

“तेच म्हनलं,” काका म्हणाले. “तान एवढी सुटलीया आन् नरड्याची शीर हलंना.”

काका गावातल्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. गाणारा समेवर कधी येणार हे पखवाजवाल्याला कानाच्या आधी त्याच्या मानेवरून कळतं, असं त्यांचं म्हणणं. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी गाणाऱ्यांच्या माना बघण्यात घालवली आहेत. एवढं बोलून ते गेटवर गेले, आणि माझ्या पिक्चरचा सत्यानाश झाला. पुढचे दोन तास मी गोष्ट बघतच नव्हतो, माना बघत होतो!

हा लेख त्या मानांबद्दल आहे. आणि थोडासा आपल्या गॅदरिंगबद्दलही, पण ते शेवटी. आधीच सांगितलं तर सांस्कृतिक समितीवाले पान उलटतील.

आमच्या मजल्यावरच्या निम्म्या पब्लिकला वाटतं की कट्यार म्हणजे २०१५ च्या दिवाळीत आलेला सिनेमा, विषय संपला. तर तसं नाही. हे मूळचं संगीत नाटक. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत पंडित जितेंद्र अभिषेकी, संस्था प्रभाकर पणशीकरांची ‘नाट्यसंपदा’, पहिला प्रयोग डिसेंबर १९६७. खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले झाले होते डॉ. वसंतराव देशपांडे, पंडित भानुशंकर झाले होते भार्गवराम आचरेकर, सदाशिव प्रसाद सावकार आणि झरीना फैय्याज. हे सगळे गायक-नट होते. ‘गायक-नट’ हा जोडशब्द आता मराठीतून जवळजवळ गेलाच. हल्ली गायक असतो किंवा नट असतो, आणि मधल्या त्या आडव्या रेघेच्या जागी रेकॉर्डिंग स्टुडिओ असतो.

गोष्ट थोडक्यात. विश्रामपूर नावाच्या संस्थानात राजगायकाचं पद आहे. जो ते जिंकेल त्याला हवेली आणि मानाची कट्यार. त्या कट्यारीने एक खून माफ. पंडितजी आणि खाँसाहेब, दोन घराणी, दोन गायक्या. खाँसाहेब वर्षानुवर्षं हरत आलेले, आणि शेवटी जिंकतात तेही निर्भेळ नाही. इकडे सदाशिव पंडितजींकडे गाणं शिकायला येतो तर पंडितजी परागंदा. मग तो खाँसाहेबांच्याच हवेलीत नोकर बनून राहतो आणि भिंतीआडून त्यांची गायकी चोरतो.

आता गंमत बघा. या गोष्टीत तलवारबाजी नाही, खजिना नाही, प्रेमाचा त्रिकोण म्हणावा तर तोही अगदी तोंडी लावण्यापुरता. भांडण फक्त गळ्यावरून आहे. कुणाचा गळा मोठा, कुणाचा गळा बंद पडला, कुणी कुणाच्या गळ्यातलं चोरलं. नाटकात ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन चालींत येतं, एक पंडितजींची आणि एक खाँसाहेबांची. शब्द तेच. पण एक चाल शांतपणे, उमलत जाते आणि दुसरी अंगावर धावून येते. दोन घराण्यांत फरक काय, यावर दारव्हेकरांनी पानभर संवाद लिहिले असते तरी जे झालं नसतं ते अभिषेकींनी या दोन चालींत करून टाकलं. आणि त्या दोन चाली दोन जिवंत माणसं, एकाच रंगमंचावर, स्वतःच्या गळ्याने गात होती. हा मुद्दा मी परत परत आणणार आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावं.

माझे आजोबा सांगलीचे. सांगली म्हणजे नाट्यपंढरी, हे आम्ही सांगलीकर कुणालाही तिसऱ्या वाक्याच्या आत सांगतोच. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ केलं ते आमच्याकडे, ‘मानापमान’वाले खाडिलकर आमचे, ‘शारदा’वाले देवलही आमचेच. तर आजोबांनी वसंतरावांची कट्यार पाहिलेली. एकदा नाही, लागोपाठ दोन प्रयोग पाहिले. आजी म्हणायची, एकच नाटक दोनदा बघायला पैसे कशाला? आजोबांचं उत्तर ठरलेलं, “एकच कुठं होतं?” दोन्ही दिवस तेच पद, पण वसंतराव दुसऱ्या दिवशी वेगळ्याच वाटेने गेले आणि समेवर मात्र बरोबर घरी आले. लहानपणी मला हे म्हाताऱ्या माणसाचं कौतुक वाटायचं. आता कळतंय की ते तंतोतंत तांत्रिक वर्णन होतं.

आता सिनेमाकडे. सुबोध भावे यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिला सिनेमा. आणि मला तो आवडतो, हे आधी नोंदवून ठेवतो, नाहीतर मेसमध्ये मला कुणी पोळी वाढणार नाही. नाटक जिथे सुरू होतं त्याच्या कितीतरी आधीपासून सिनेमा सुरू होतो. पंडितजी आणि खाँसाहेब यांची ओळख, आदर, मग मत्सर, हे सगळं आपल्याला दिसतं. खुद्द कट्यारच गोष्ट सांगते, रीमा लागूंच्या आवाजात. शंकर-एहसान-लॉय यांनी नवी गाणी केली, पण अभिषेकींच्या जुन्या चालींना हात लावताना हात जोडून लावला आहे. ‘सूर निरागस हो’ ऐकून आमच्या विंगमधला मेटलचा भक्त एकदा गप्प बसला होता, आणि तो गप्प बसणं ही सोपी घटना नाही.

शिवाय एक गोष्ट कबूल केली पाहिजे. जुन्या संगीत नाटकाबद्दल जे लोक उसासे टाकतात त्यांनी ती नाटकं पहाटेपर्यंत चालायची हे सांगायला विसरू नये. नायिका संकटात, खलनायक दारात, आणि नायक वन्स मोअर मिळाला म्हणून तेच पद तिसऱ्यांदा घेतोय! गोष्ट बिचारी विंगेत टाचा घासत उभी. काही नट असे की गायला लागले की देव, बोलायला लागले की पोस्टमन. सिनेमाने गोष्ट आवळली, चेहरे जवळ आणले. सचिन पिळगावकरांचा खाँसाहेब हा माझ्या मते त्यांच्या सगळ्यात चांगल्या कामांपैकी एक. डोळ्यांत जी जळजळ आहे ती नाटकात पंधराव्या रांगेतून कुणालाही दिसली नसती. कॅमेऱ्याचे उपकार आहेत ते.

पण.

पण खाँसाहेब गातात राहुल देशपांडे यांच्या गळ्याने. सदाशिव झालेत स्वतः सुबोध भावे, आणि तो गातो महेश काळे यांच्या गळ्याने. ज्या गोष्टीत गळ्यासाठी माणसं आयुष्यं उद्ध्वस्त करतात, तीच गोष्ट सांगताना दोन मुख्य गळे उसने! फक्त एका माणसाने स्वतःचा गळा वापरला. शंकर महादेवन, म्हणजे आपले पंडितजी. ते काही सराईत नट नव्हते, आणि काही प्रसंगांत ते कळतंसुद्धा. पण ते तंबोऱ्याशी बसून तोंड उघडतात तेव्हा मेसमधला चहाचा कप हवेत थांबतो. त्या रात्री मी मुद्दाम बघितलं. शीर हलते, काका. शूटिंगला त्यांनीही आधी रेकॉर्ड केलेल्या गाण्यावरच ओठ हलवले असतील, पण जो सूर लावताना आपल्याला किती दम लागला हे शरीराला माहीत आहे, ते शरीर नाटक करतानाही खरं बोलतं.

यावर माझ्या रूम-पार्टनरचा आक्षेप असा, “अरे, सत्तर-ऐंशी वर्षं सगळे हिरो-हिरोइनी दुसऱ्याच्याच आवाजात गातायत. तुला आत्ताच जाग आली?” आक्षेप बरोबर आहे. बागेत झाडाभोवती गाणं म्हणणाऱ्या हिरोबद्दल माझी काही तक्रार नाही. तिथे गाणं हे प्रेमाचं निमित्त असतं, हिरो गायक असायची गरज नसते. पण कुस्तीवर सिनेमा काढला आणि प्रत्येक डाव डमीने मारला तर? तुम्हाला नाही वाटणार की आपण नक्की कुणाची कुस्ती बघायला आलो?

त्यात सल असा की माणसं हाताशी होती. २०१० मध्ये कट्यारचं नाटक नव्याने रंगभूमीवर आलं तेव्हा दिग्दर्शक सुबोध भावेच होते. खाँसाहेब होते राहुल देशपांडे, वसंतरावांचे नातू. सदाशिव होते महेश काळे, अभिषेकींचे शिष्य. म्हणजे पाच वर्षं आधी हेच दोघे याच भूमिका स्वतःच्या गळ्याने करत होते! सिनेमा झाला तेव्हा गळे घेतले आणि चेहरे बाहेर ठेवले. मी निर्मात्याच्या खुर्चीत असतो तर कदाचित हेच केलं असतं. पैसा मोठा, पडद्यावर ओळखीचा चेहरा हवा, आणि क्लोज-अपमध्ये अभिनय करणं हे रंगमंचापेक्षा वेगळं काम आहे. कारणं पटतात. तरी हळहळ जात नाही.

(एक अवांतर, आपल्या लोकांसाठी. शंकर महादेवन कॉम्प्युटर इंजिनिअर. महेश काळेही इंजिनिअरिंग शिकलेले, पुढे अमेरिकेत इंजिनिअरिंग मॅनेजमेंट केलेले. आणि वसंतराव पुण्यात मिलिटरी अकाउंट्समध्ये वर्षानुवर्षं नोकरी करून गात होते. पूर्ण वेळ गाण्यात आले तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. बॅकलॉगवाल्यांनी खचून जाऊ नये.)

यातली सगळ्यात मजेदार गोष्ट मला नंतर सापडली. २०११ मध्ये रवी जाधवांचा ‘बालगंधर्व’ आला. नायक सुबोध भावे, गळा आनंद भाटे यांचा. सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार भाटे यांना. मग २०१५ ची ‘कट्यार’. चेहरा परत सुबोध भावे, गळा महेश काळे यांचा, आणि ‘अरुणि किरणी’साठी तोच राष्ट्रीय पुरस्कार काळे यांना. म्हणजे संगीत नाटकावर मराठीने दोन सिनेमे काढले आणि दोन्ही वेळा दिल्लीने बक्षीस दिलं ते पडद्यामागे उभ्या असलेल्या माणसाला. पार्श्वगायक! शब्दच बघा ना. संगीत नाटकात ‘पार्श्व’ला फक्त विंगा आणि चहावाला असायचा.

आणि मग तिसरा. निपुण धर्माधिकारींचा ‘मी वसंतराव’, २०२२ मध्ये थिएटरात आला. यात वसंतराव झाले राहुल देशपांडे, आणि गायलेही तेच. आजोबाची भूमिका नातवाने, आजोबाची गाणी नातवाच्या गळ्यात. आणि पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार परत त्यांनाच! ज्याच्या पाठीमागे कुणीच नाही त्याला पार्श्वगायकाचं बक्षीस. पण त्या सिनेमाने एक गोष्ट सिद्ध केली असं मला वाटतं. गाणारा माणूस कॅमेऱ्यासमोर उभा राहू शकतो. त्याला थोडा वेळ द्यावा लागतो, एवढंच.

बाहेरच्या देशांतही हा घोळ आहेच. ‘माय फेअर लेडी’ रंगमंचावर गाजवली ज्युली अँड्र्यूजने. १९६४ मध्ये सिनेमा करायची वेळ आली तेव्हा तिला वगळून ऑड्री हेपबर्नला घेतलं, कारण तिचा चेहरा चालत होता. मग हेपबर्नचा गळा चालेना म्हणून बहुतेक गाणी मार्नी निक्सन नावाच्या गायिकेकडून गाऊन घेतली. आणि गोष्ट कसली? तर एका फुलवालीला तिचा ‘आवाज’ कसा मिळतो याची! त्याच वर्षी ज्युलीबाईंनी ‘मेरी पॉपिन्स’ केला आणि ऑस्कर घेऊन घरी गेल्या. मला हे वाचून आमच्या आजीसारखं “बरी जिरली” म्हणावंसं वाटलं.

उलट उदाहरण २०१२ च्या ‘ले मिझराब्ल’ या सिनेमाचं. तोही मूळ संगीत नाटकावरूनच. तिथे दिग्दर्शकाने ठरवलं की नट सेटवर, कॅमेरा चालू असताना, खरं गातील. नटाच्या कानात बारीक इअरपीस. सेटच्या बाहेर एक माणूस पियानो घेऊन बसलेला, त्याचे सूर फक्त नटाच्या कानात. नट थांबला की पियानो थांबायचा, नट रडायला लागला की पियानो वाट बघायचा. ऑर्केस्ट्रा नंतर, त्या गाण्यावर चढवला. काही नटांचे सूर त्यात डगमगतात, समीक्षकांनी झोडपलंही. पण ॲन हॅथवेचं ते एक गाणं, कातरलेल्या केसांचं, बघितलंय का? त्यात मान दिसते. शीर दिसते. काकांना दाखवायचंय.

इथे कंट्रोल सिस्टिम्सचे सर वाचत असतील म्हणून धाडस करून लिहितो, चुकलं तर व्हायवात धरू नये. आपण शिकतो ना, ओपन लूप आणि क्लोज्ड लूप? वॉशिंग मशीनला पंचेचाळीस मिनिटं लावली की ते पंचेचाळीस मिनिटं फिरणार, कपडे निघाले काय आणि राहिले काय. पार्श्वगायन हे तसं आहे. गाणं आधी पक्कं, मग शूटिंगला स्पीकरवर लावायचं, नटाने त्याच्या मागे ओठ पळवायचे. पाचशे जणांनी टाळ्या वाजवल्या तरी गाण्यात एक मात्रा बदलणार नाही. संगीत नाटक म्हणजे क्लोज्ड लूप. पायपेटीवाला आणि तबलजी रंगमंचाच्या पुढ्यात बसलेले, डोळे नटावर. नटाने एक श्वास जास्त घेतला तर ते थांबतात. प्रेक्षकांकडून ‘वाहवा’ आली की नट आणखी एक आवर्तन घेतो. वन्स मोअर म्हणजे तर सरळ सरळ फीडबॅकच! आजोबांनी पाहिलेले दोन प्रयोग वेगळे होते ते यामुळे. आउटपुट परत इनपुटला जोडलेलं होतं.

आपल्याकडे हे जुळलेलं नातं फार जुनं आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ केलं तेव्हापासून अट एकच, नट गाणारा पाहिजे. लाउडस्पीकर नव्हता. शेवटच्या रांगेतल्या आठ आणेवाल्यालाही ऐकू गेलं पाहिजे ते गळ्यातूनच. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले, दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर, मायक्रोफोनशिवाय. खरीखुरी कट्यारच की ती! सुरुवातीच्या बोलपटांतही नट स्वतःच गात. पार्श्वगायनाचं तंत्र आलं ते नंतर, आणि मग चेहरा एका गावाला आणि गळा दुसऱ्या गावाला गेला.

त्याच ‘मानापमान’वर सुबोध भाव्यांनी जानेवारी २०२५ मध्ये सिनेमा काढला. खाडिलकरांचं १९११ चं नाटक, धैर्यधर पुन्हा ते स्वतः, संगीत पुन्हा शंकर-एहसान-लॉय. आम्ही चौघं भुकूमहून कोथरूडला जाऊन पाहून आलो, परतीच्या बसची वाट बघत अर्धा तास कुडकुडलो, आणि त्यावरच जास्त भांडलो. डोळ्यांना फार भारी, कपडे, महाल, सगळं चकचकीत. पण मला कुठेही असं वाटलं नाही की हा माणूस आत्ता, या क्षणी, चुकू शकतो. मला वाटतं तोच फरक आहे. सरकसमधल्या झुल्यावरचा माणूस पडू शकतो म्हणून आपण श्वास रोखतो. झुला जमिनीपासून एक फुटावर बांधला तर कसरत तीच, पण कोण बघेल?

आता गॅदरिंग.

गेल्या वर्षीचं गॅदरिंग आठवा. सातव्या नंबरला एक ग्रुप होता, नावं घेत नाही, सगळे मित्रच आहेत. कट्यारमधल्याच एका गाण्यावर मूक अभिनय. फेटे, शेरवान्या, तंबोऱ्याच्या जागी क्रिकेटची बॅट मखमलीत गुंडाळलेली. दुसऱ्या कडव्याला पेनड्राइव्ह अडकला. एकच अक्षर टर्रर्र करून वाजत राहिलं, आणि आमचे खाँसाहेब हात वर करून, तोंड उघडं ठेवून, पुतळ्यासारखे उभे. हसून हसून मेलो आपण. त्यांचा दोष नव्हता, पण त्यांना काही करताही येईना. गळा पेनड्राइव्हमध्ये होता ना!

नवव्या नंबरला आमच्या विंगमधला सिव्हिलवाला, ज्याला सगळे बुवा म्हणतात. पेटी एक, तबला एक. त्याने ‘घेई छंद’ घेतलं, खाँसाहेबांची चाल. आदल्या आठवड्यात भुकूमची थंडी, वर सबमिशनची जागरणं. पहिल्याच मोठ्या तानेला त्याचा आवाज चिरकला. स्पष्ट, माइकवर, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा. मागच्या बाकांवरून हुर्यो आला. तो थांबला. बाटलीतलं पाणी प्यायला. माइकवर एवढंच म्हणाला, “परत घेतो.” तबलावाल्याने ठेका तसाच चालू ठेवला होता, एक-दोन आवर्तनं नुसताच ठेका वाजत राहिला आणि हॉल हळूहळू शांत झाला. मग त्याने तीच तान परत घेतली. या वेळी गेली.

मी स्टेजच्या कडेला केबल धरून बसलो होतो, चार फुटांवर. मी त्याची मान बघत होतो, तेव्हा मला काकांचा प्रश्न माहीतही नव्हता. शीर अशी टरारून वर आली होती की मला त्याच्याच काळजीने घाम फुटला. संपल्यावर मागून कुणीतरी “वन्स मोअर” ओरडलं. पहिला आवाज चेष्टेचा होता, मी ओळखतो त्याला. दुसरा, तिसरा, दहावा चेष्टेचा नव्हता. बुवाने परत गायलं, आणि यंत्रशाळेतले एक सर, जे वर्षभरात आमच्याकडे बघून एकदाही हसले नाहीत, ते उभे राहून टाळ्या वाजवत होते.

याचा परिणाम असा झाला की कार्यक्रम बारा-पंधरा मिनिटं लांबला. दहाला लाउडस्पीकर बंद करावाच लागतो, तो कायदाच आहे. म्हणून शेवटचे फिशपाँड कापले गेले. आता फिशपाँड कापणं म्हणजे काय हे मी सांगायला नको. लोक वर्षभर त्यासाठी जगतात, माझेही दोन टाकलेले होते, चांगले होते. ओरड झाली. आणि यंदा सूचना लागली आहे, ‘गाण्याच्या कार्यक्रमांसाठी ट्रॅक पेनड्राइव्हवर आणावा. प्रत्यक्ष वाद्यांस परवानगी नाही. वेळ चार मिनिटे.’

समितीची बाजू मला कळते. माइक जास्त लागतात, साउंड चेकला वेळ जातो, पेटी-तबला जुळवताना स्टेज रिकामं दिसतं, आणि लोक तेवढ्यात शिट्ट्या सुरू करतात. पेनड्राइव्ह चार मिनिटांत संपतो हे खरं आहे. पण ज्या कॉलेजात आम्हाला चार वर्षं सांगितलं जातं की प्रॅक्टिकल स्वतःच्या हाताने करा, दुसऱ्याच्या जर्नलमधून रीडिंग उतरवू नका, तिथे गाणं मात्र उतरवलेलं चालेल? बुवाने गेल्या वर्षी पहिलं रीडिंग चुकीचं घेतलं आणि सगळ्यांसमोर दुसऱ्यांदा घेतलं. याला आपण एरवी चांगला विद्यार्थी म्हणतो.

माझी मागणी मोठी नाही. सगळे कार्यक्रम ट्रॅकवर ठेवा, नाचाला ते लागतंच. पण दोन कार्यक्रम, मिळून वीस मिनिटं, प्रत्यक्ष गाण्यासाठी द्या. वाद्यं दुपारीच जुळवून स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात मांडून ठेवू, म्हणजे मध्ये वेळ जाणार नाही. दोनच माइक, एक गळ्याला आणि एक वाद्यांना. वन्स मोअर एकदाच, हे आम्ही आधीच लेखी देतो. फिशपाँडला धक्का लागणार नाही. लागलाच तर माझे कापा.

पेटीची सोय झाली आहे. काकांना विचारलं तर ते म्हणाले, मंडळाची पेटी देतो, पखवाजही देतो, एकादशी सोडून कधीही न्या. रेक्टर सरांनी परवानगी दिली तर गॅदरिंगच्या दिवशी ड्यूटी बदलून ते स्वतः ठेका धरायलाही तयार आहेत. अट एकच घातली. पेटी उचलताना भात्याला धरायचं नाही. मागच्या खेपेला कुणीतरी तशी धरली होती, ती अजून एका सुराला हवा सोडते.